निळीतलं नाव

६ जानेवारी, सोमवार

लखनौला येऊन तीन महिने झाले आणि आज पहिल्यांदा कुणीतरी मला धनंजयची बायको सोडून दुसरं काहीतरी म्हणालं. 'क्राफ्टवाली मैम.' सुरुवात म्हणून अगदी चालेल.

स्टुडिओ विराम खंडात आहे, आमच्या फ्लॅटपासून ई-रिक्षाने दहा मिनिटं. एका बंगल्याचा सगळा तळमजला. पुढच्या मोठ्या खोलीत लांबलचक टेबलं, मागे मातीकामाची खोली, तिच्यापलीकडे मोरी आणि दोऱ्या बांधलेलं अंगण. सोमवारी ठसेछपाई, मंगळवारी मातीकाम, बुधवारी क्रोशा, गुरुवारी चिकनकारी, शनिवारी लहान मुलांचं कागदकाम. बुधवार आणि शनिवार माझे. शिकायला येणाऱ्यांत कॉलेजच्या मुली आहेत, हवाई दलातल्यांच्या बायका आहेत (त्यातली एक, नंदा, चक्क कोल्हापूरची, पण मराठीत दर वाक्याला 'अच्छा' आणि 'मतलब'), आणि एक निवृत्त इंजिनिअर आहेत, जे फुलदाणी करायला बसतात आणि दर वेळी ॲशट्रे करून उठतात.

स्टुडिओ सुनीतीताईंचा. मूळच्या पुण्याच्या, यजमान निवृत्त कर्नल, वीस वर्षं इथेच. त्या गोड बोलतात आणि गोड बोलून काम काढून घेतात, हे मी पहिल्या तासात ओळखलं. असू दे. मिरजेला बारा वर्षं मी शाळेत हस्तकला शिकवली. प्रदर्शनातली प्रत्येक वस्तू माझ्या हातची, आणि खाली चिठ्ठी मुख्याध्यापिकाबाईंच्या नावाची. जाऊबाईंच्या लेकीच्या रुखवतात माझं भरतकाम 'मुलीने स्वतः केलंय' म्हणून मांडलं होतं. तेव्हा मी हसून घेतलं. पण त्यातलं काहीही विसरलेली नाही.

शर्वरी घरी वाट बघत होती. आमची लेक तिसरीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. माझ्या या नव्या 'शाळेत' ग्लिटर मिळेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिला शनिवारी बरोबर नेणार आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज चिकनच्या वर्गात मुद्दाम जाऊन बसले. मला टाके येतात, पण इथली पद्धत निराळी. आधी लाकडी ठशाने पांढऱ्या कापडावर कच्च्या निळीत फुलं-पानं उमटवायची. मग निळ्या रेघेवर टाका घालत जायचं. शेवटी कापड नदीकाठच्या धोब्याकडे जातं, पाण्यात नीळ निघून जाते आणि फक्त दोरा उरतो. जिथे टाका पडला नाही, तिथे काहीच उरत नाही. मला हे फार आवडलं. हिशेब स्वच्छ आहे.

वर्ग सध्या दोन मुली मिळून चालवतात. अकरा वर्षं शिकवणाऱ्या बाई गेल्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे, सत्काराच्या शालीतला. त्यात त्या कॅमेऱ्याकडे न बघता थोडं बाजूला बघताहेत. शेवटी त्यांना दिसत नव्हतं, असं मुलींनी सांगितलं.

जाता जाता त्या मुलींनी कपाटातली आपांची ओढणी दाखवली. मी ती दहा मिनिटं उलटसुलट करून बघत राहिले. पातळ मलमल, तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठींची फुलं, आणि पाकळ्यांमधली जाळी अशी की दोरे न कापता नुसते सुईने बाजूला सारलेले. चार वर्षांचं काम. हे माझ्या हातून होणार नाही, हे मला लगेच कळलं आणि त्याचा रागही आला.

फक्त एक कोपरा बाकी होता. तिथे बोटभर उंचीची उर्दू अक्षरं होती, ठशाची नव्हेत, हाताने निळीत काढलेली. मुलींना ती वाचता येत नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, आपांचं नाव आहे.

१८ जानेवारी, शनिवार

कागदकामाच्या वर्गात शर्वरीने अख्खी ग्लिटरची बाटली पालथी केली. वर्ग सुटल्यावर सुनीतीताईंनी मला चहाला थांबवलं.

हज़रतगंजातल्या एका गॅलरीत पुढच्या महिन्यात हस्तकलेचं मोठं प्रदर्शन आहे. परीक्षक दिल्लीहून येणार. ताईंना आपांची ओढणी पाठवायची आहे. पण नियम असा, की कारागीर हयात हवा आणि स्टुडिओतला हवा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की काम शेवटी सगळ्या स्टुडिओचंच, कापड आपलं, दोरा आपला, कोपरा तर रिकामाच आहे. तू पुरं कर आणि तुझं नाव घाल.

मी विचारलं, त्या अक्षरांचं काय. त्यांनी सरळ सांगितलं. आपांनी हट्ट धरला होता की फुलं सगळी झाली की शेवटी नाव भरणार. चिकनवर कुणी नाव घालतं का. पण बाई ऐकेनात. नावापर्यंत आल्या आणि नजर गेली. मग घरून दोनदा निरोप पाठवला, माझ्या कुठल्याही शागिर्दाकडून नाव भरून घ्या. ताईंनी तो विषय तसाच राहू दिला. नाव काय होतं, हे मी विचारलं, तेव्हा त्या थोडा वेळ आठवत बसल्या. अमुक बेगम की तमुक ख़ातून. आपण आपाच म्हणायचो ना, म्हणाल्या.

मी नाही म्हणू शकले असते. हे इथे लिहून ठेवते, कारण ही वही माझी आहे आणि इथे तरी खोटं नको. माझ्या डोळ्यांसमोर मिरजेच्या त्या चिठ्ठ्या आल्या, जाऊबाईंचं रुखवत आलं. बारा वर्षं माझं दुसऱ्यांच्या नावावर गेलं. एकदा उलटं झालं तर काय बिघडलं. मी हो म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

मुन्नन धोबी स्वतः कपडे न्यायला आला. साठीचा माणूस, हाताची बोटं पाण्याने कायमची सुरकुतलेली. ओढणी उलगडून त्याने कोपरा बघितला आणि ती मला परत दिली. म्हणाला, "मैडम, यह नाम अभी कच्चा है। पानी लगा तो फिर वापस नहीं आएगा।"

त्याला वाटलं मला माहीत नाही. मी म्हटलं, माहीत आहे, धुवून टाका. तो ओढणी गाठोड्यात न टाकता हातावर घेऊन गेला.

त्याआधी मी जाऊबाईंना पाठवायला फोटो काढला होता. अख्ख्या ओढणीचा. तो कोपरा तेवढा बाहेर ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

ओढणी आली. इतकी पांढरी की टेबलावर ठेवायला संकोच वाटावा. कोपरा कोरा. आज अंगणात उन्हाला बसून माझं नाव भरलं, देवनागरीत, आडनावासकट. टाका जरा जाड पडला, आपांच्या फुलांशेजारी तो कळतो. पण कळणार कुणाला.

नंदा म्हणाली, मस्तच झालंय, मतलब एकदम प्रोफेशनल. मी तिला कॉफी पाजली.

नखांच्या कडेला थोडी नीळ बसली आहे. साबणाने जात नाही. धुऊन आलेल्या कापडावर नीळ कुठून आली, कोण जाणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं बक्षीस. पहिलं.

पांढऱ्या भिंतीवर ओढणी, शेजारी कार्ड. वर कारागीर म्हणून माझं नाव, खाली 'संकल्पना' म्हणून सुनीतीताईंचं. धनंजय ऑफिसमधून अर्धा दिवस रजा घेऊन आला. शर्वरी भेटेल त्याला सांगत होती, यह मेरी मम्मी ने बनाया है. मी तिला थांबवलं नाही. माझा ऊर भरून आला होता, हे लिहायला लाज कसली.

दुपारी जेवणाच्या वेळी हॉल रिकामा झाला, तेव्हा एक वयस्कर बाई ओढणीपाशी दिसल्या. काळा बुरखा, तोंड उघडं. नाक कापडाला टेकेल इतक्या जवळून बघत होत्या, आणि हातही लावत होत्या. हात लावायला मनाई आहे, हे सांगायला मी गेले. त्यांची बोटं माझ्या नावावरून फिरत होती, एकेक अक्षर चाचपत.

त्यांनी विचारलं, हे तुमचं का. मी म्हटलं, हो, माझं. मग म्हणाल्या, नाव? कार्ड समोर होतं, तरी मी सांगितलं, आडनावासकट. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं, अगदी नीट. मग खालचं कुणाचं, विचारलं. तेही सांगितलं, तेही त्यांनी म्हणून बघितलं. माझ्याकडे त्या बघत नव्हत्या, थोडं बाजूला बघत होत्या.

मी पाण्याचा ग्लास घ्यायला वळले, तेवढ्यात त्या गेल्या. दारावरचा माणूस म्हणाला, दुपारभर कुणी बाई आत आलीच नाही. दमले आहे. उद्या जाऊबाईंना बक्षिसाचा फोटो पाठवायचा आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक विचित्र गोष्ट. काल कामवाली गीता केस वर बांधून भांडी घासत होती. तिच्या उजव्या कानामागे निळा ठिपका दिसला. नीट बघितलं तर ठिपका नव्हे, पाच पाकळ्यांची बारीक बुटी, चिकनच्या ठशासारखी. मला वाटलं, तीट लावावी तसं इथे काहीतरी लावत असतील. ती म्हणाली, कुछ नहीं लगाया भाभी.

आज सकाळी तिने बेल वाजवली आणि मी दार उघडल्यावर मला विचारलं की भाभी कुठे आहेत. मला चेष्टा वाटली. पण ती खरंच माझ्या खांद्यावरून आत बघत होती. मग म्हणाली, आप मेहमान हैं क्या? काम करून गेली, पण दर खोलीत जाताना परवानगी मागत होती, परक्या घरात मागतात तशी. कानामागे काही नव्हतं. केस ओले होते, न्हाऊन आली होती.

धनंजयला सांगितलं तर म्हणाला, तिला ताप असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिकनच्या वर्गात आठ जणी. त्यातल्या पाच जणींनी मला नाव विचारलं. नंदासुद्धा. सॉरी हं, मतलब, आपण भेटलोय का कधी? कॉफी पाजलेली बाई.

मी उरलेल्या तिघींच्या कानांमागे बघितलं. तिघींना बुटी आहे. तिथे काय लागलंय, असं एकीला विचारलं. तिने रुमाल ओला करून पुसलं. रुमालाला निळं लागलं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मी नव्हते.

आज इथेच थांबते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कर्नलसाहेब सकाळी गाडी घेऊन स्टुडिओत आले. सुनीतीताई मागच्या सीटवर. घरातल्या गाऊनवर शाल, पायात स्लीपर. कर्नल खाली उतरले, ताईंच्या बाजूचं दार उघडून अदबीने उभे राहिले आणि मला म्हणाले, "ह्या मॅडम सकाळी आमच्या घरात सापडल्या. ह्या स्टुडिओचं नाव घेताहेत. तुम्ही ओळखता का?"

ताई रडत नव्हत्या. राजेश, अरे राजेश, एवढंच हळू म्हणत होत्या, आणि ते दर वेळी ओशाळून थोडे बाजूला सरत होते. पस्तीस वर्षांचा संसार. कर्नलांच्या कानावरचे पांढरे केस ओले होते. आंघोळ करून बाहेर आले आणि खोलीत परकी बाई दिसली, असं त्यांनी सांगितलं.

मी ओळखते म्हणाले. त्यांनी आभार मानले आणि निघून गेले. मी ताईंना आत बसवलं. त्या टेबलावर बोटाने काहीतरी लिहीत होत्या. स्वतःचं नाव असावं. सु लिहायच्या आणि थांबायच्या.

आता मला कळलं आहे. आपण वर्गात शिकवतो तेच. ज्याला आपलं नाव माहीत आहे, त्याच्या कानामागे नीळ उमटते. पाणी लागलं की जाते, आणि तिच्याबरोबर आपण जातो. टाका पडलेला नाही, मग काय राहणार.

घरी आले. शर्वरी अभ्यास करत होती. तिची वेणी बाजूला केली.

आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

शर्वरीला आज आंघोळ घातली नाही. खोकला होईल म्हटलं. ती खूश. धनंजय पेपरात डोकं घालून होता, त्याच्या कानामागे काही नाही. अजून नाही.

स्टुडिओत गेले, ताई कालपासून मागच्या खोलीतच निजून होत्या. प्रदर्शनातून परत आलेली ओढणी काढली. माझं नाव उसवायचं, आणि त्या जागी आपांचं भरायचं. हाच एक उपाय सुचतो. कात्री लावली, पण कापायला दोरा नव्हता. जिथे मी टाके घातले होते तिथे नुसती निळी रेघ. माझं अक्षर, माझं वळण, नीळ.

ओल्या फडक्याने पुसलं असतं तर तेही गेलं असतं. हिंमत झाली नाही. तशीच घडी घातली.

आणि आपांचं भरू म्हटलं तरी काय भरू. हजेरीत 'आपा'. सत्काराच्या फोटोखाली 'आपा'. मुलींच्या फोनमध्ये 'आपा'. अकरा वर्षांत नाव एकाच जागी लिहिलं होतं, त्यांनी स्वतः. ते मी जाणूनबुजून धुवून घेतलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुन्ननला विचारून ठाकुरगंजला आपांचं घर शोधलं, नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. दोन ई-रिक्षा बदलून गेले. दुसऱ्या मजल्यावर त्यांची मुलगी सबीहा राहते, माझ्याच वयाची. उंबऱ्यातच उभी राहिली. मी स्टुडिओचं सांगितल्याबरोबर तिचा चेहरा मिटला.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नाव पाहिजे म्हटलं, एवढंच सांगा, मी रात्रंदिवस बसून भरीन, सगळ्यांना सांगेन, बक्षीस परत करीन. मग तिने सांगितलं की अम्मी आंधळी झाल्यावर दर गुरुवारी विचारायची, नाव भरलं का. सबीहा दर गुरुवारी हो म्हणायची. शेवटच्या आठवड्यात अम्मीने हट्ट धरला, मला घेऊन चल, मला बोटांनी बघायचंय. हिने ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या. अम्मीला ते कळलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि उठलीच नाही.

मी पाय धरले. माझी मुलगी आठ वर्षांची आहे म्हटलं, ती मला विसरेल.

सबीहाने पाय मागे घेतले. म्हणाली, "अम्मी का नाम आपने धोया है। अब आप ही बताइए, क्या था।"

दार लागलं. मी जिन्यात बसून राहिले. आतून शिलाई मशीन सुरू झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा दिवस. शर्वरीचं अंग वास मारायला लागलं आहे. शाळेत पाठवलं नाही. धनंजयने आवाज चढवला. काय चाललंय तुझं, मुलगी आजारी नाही, तू आहेस.

मी त्याच्या कानामागे बघितलं. आली आहे.

मी सांगितलं त्याला. सगळं. आंघोळ करू नकोस, केसांना पाणी लावू नकोस. त्याने मला जवळ घेतलं, थोपटलं, शनिवारी डॉक्टरांकडे जाऊ म्हणाला. माझ्या नावाने हाक मारली. किती बरं वाटलं ते. शनिवारपर्यंत ओल्या टॉवेलने अंग पुसेन म्हणाला, केस नाही. माझी समजूत काढायला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जाऊबाईंचा मेसेज. हा नंबर कुणाचा आहे?

आईला फोन लावला. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर आईची डोक्यावरून आंघोळ बंद होती, मला आशा होती. तिने विचारलं कोण बोलतंय. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मी म्हणजे कोण, बाई?

आईसुद्धा. डोळ्यांत घालायचे थेंब कानामागे ओघळले असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहीच्या पहिल्या पानावर मी नाव घातलं होतं. बॉलपेनाने. ते निळं झालंय. ओलं वाटतंय. वही मोरीपासून दूर ठेवली आहे. हात धूत नाही आता. चेहरा धूत नाही. आरशात माझा कान वळवून बघितला —

मलाही आहे.

दुपारी शर्वरी झोपली होती. कूस वळवलेली, कान वर. पाच पाकळ्या. शिकवलेलंच आहे की — निळ्या रेघेवर टाका पडला की ती राहते. पाणी काही करू शकत नाही. सुई ओवलेली होती. कधी ओवली आठवत नाही. बारीक सुई, एकेरी दोरा. पाचच टाके. झोपेत कळणारही नाही —

सुई कानाला टेकली होती. टेकली होती. ती झोपेत म्हणाली, मम्मी गुदगुदी हो रही है.

सुई खिडकीबाहेर टाकली. सगळ्या सुया. डबा, फ्रेम, दोरे, सगळं. नाही. हे नाही. विसरली तर विसरू दे. हे माझ्या हातून नाही होणार.

आपांना हेच हवं होतं का? बघायचं होतं का त्यांना, मी कुठवर जाते —

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आपा, मी चुकले. सगळ्या खोलीभर मोठ्याने म्हणते आहे. तुमचं नाव समोर होतं तेव्हा मी ते कुणाकडून वाचून घेतलं नाही. आता विचारते. एकदा सांगा. मला शिक्षा करा, माझे डोळे घ्या. ती लहान आहे —

उत्तर नाही. कशाला देतील. मी त्यांचं नाव त्यांना दिलं होतं का.

धनंजय केस खाजवत होता. खाजवू नको म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळचे साडेनऊ. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये शॉवरचा आवाज आला आणि मी धावले. उशीर झाला. धनंजय टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. मला बघून दचकला. टॉवेल छातीशी धरला. मॅडम, आप कौन, अंदर कैसे आईं.

मी त्याला हाक मारली. त्याला त्याचं नाव मला कसं माहीत, ह्याची भीती वाटली. दिसली मला ती भीती.

शर्वरी — शर्वरी आमच्या खोलीच्या बाथरूममध्ये. बाबांनीच सांगितलं होतं, छान न्हाऊन घे, मग डॉक्टरकडे. मी खोलीत शिरले, खोलीचं दार आतून लावलं. बाहेर तो गार्डला फोन करतोय. एक औरत घुस आई है. बेटी अंदर है. दार ठोठावतोय.

बाथरूमची कडी तिने आतून घातली आहे. नळ चालू आहे. बादली भरते आहे.

शर्वरी, अंगावर पाणी घेऊ नकोस. दार उघड.

हाँ मम्मी. रुको ना.

हाँ मम्मी म्हणाली. अजून आहे. अजून मी आहे. फरशीवर आडवी पडले आहे, फटीशी कान लावून, वही शेजारी. नळ बंद झाला. रडू आवरत नाही, डोळ्यांतलं पाणी गालावरून सरळ कानामागे उतरतंय, पुसायला हात —

तांब्याचा आवाज. एक. दोन.

शर्वरी

कौन?

मी गं. मी

कौन है बाहर?

मी —